तिसरी ओळ कोण वाचतं?

आमच्या घाटघरच्या आण्णांना लग्नपत्रिका द्या, ते आधी पेन काढतात. कुलदैवतापासून चिमुकल्यांच्या आग्रहाच्या आमंत्रणापर्यंत सगळं खोडतात आणि पत्रिका परत देतात. "कोन, कवा, कुटं. दोन ओळी बास! तिसरी ओळ कोन वाचतंय राव?"

अख्खी नोकरी जुन्नरच्या एसटी स्टँडवर माइकपुढे गेली, त्याचा हा परिणाम. काकूंनी जेवण कसं झालं विचारलं की घोषणा व्हायची, "वांग्याची भाजी. मीठ कमी. धन्यवाद." काकू गेल्या, आता घोषणा आमच्या ओट्यावर होतात.

निवृत्तीनंतर आण्णांनी मोबाइलवर गावांचा विकी धरला. तिथं कुणीही गावाची माहिती लिहावी, कुणीही सुधारावी. घाटघरचं पान आण्णांनीच रचलं. त्यात एकदा रागाच्या भरात लिहून टाकलं, "उन्हाळ्यात गावात प्यायला पाणी नाही." पाणीपुरवठ्याच्या साहेबांना लाज वाटावी म्हणून. साहेबांचं माहीत नाही, पण पुढं गावात नळ आला. ओळ मात्र पानावर तशीच राहिली. नेटवर घाटघर शोधलं की गावाच्या नावाखाली नेमकी तीच दिसायची.

ती वाचली पुण्याच्या सूनबाईंनी. तीन वर्षांची नात अजून एकदाही गावाला आली नव्हती, यंदा नक्की ठरलं होतं. फोन आला, "आण्णा, तिथं पाणी नाही म्हणे. पोरीला घेऊन कसं यायचं?" आण्णांनी नळाची शपथ घेतली, पण सूनबाई म्हणाल्या, नेटवर तर असं लिहिलंय.

"लिवनारा मीच की! माज्यापरीस माज्या ओळीवर इस्वास?"

त्यांनी ओळ पुसली. तरी शोधात ती आपली हटेना. मग कुणीतरी सांगितलं, पानाला एक चौकट असते, शोधात काय दिसावं ते तिथं लिहायचं. ती रिकामी ठेवली तर मशीन पानातलं वाटेल ते वाक्य उचलतं. आण्णांनी ठाण मांडलं. जागा दोन ओळींचीच, म्हणजे त्यांच्या हातचा मळ! पण सुरुवात नाणेघाटानं, मग तिथला जकातीचा दगडी रांजण, आणि एवढ्यात जागा संपायची. "आण्णा, रांजण काढा," मी म्हणालो. ते भडकले. "गावाची इज्जत हाय ती! तुमाला काय कळतंय?" मीही चिडून उठलो.

परवा बाजारात सहज घाटघर शोधलं. नवं वर्णन आलं होतं.

"घाटघर, ता. जुन्नर. नळाला बारमाही पाणी. अंगणात हिरड्याला झोपाळा बांधला आहे, खाली मऊ माती टाकली आहे."

बाजार तसाच टाकला. घरी न जाता तडक त्यांच्या अंगणात गेलो. आण्णा झोपाळ्याची गाठ ओढून पाहत होते.

"आण्णा, रांजण कुठं गेला?"

"रांजन दोन हजार वर्सं थांबलाय, आनखी थांबंल," ते गाठीवरची नजर न काढता म्हणाले. "पोरगी मोठी व्हईल राव."