अंगठ्यावरची माशी

चिकटवणे या विषयात आपल्याला काही शिकवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं बाइंडरकाकांचं प्रामाणिक मत होतं. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली होती. खळ असो, डिंक असो, सरस असो, दोन बोटांत चोळून ते सांगत, हा दमट हवेत सुटेल आणि हा नातवंडांपर्यंत जाईल. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, तरी घरात कपाचा कान तुटला की काका मनातून खूश होत. काकूंना ते कळायचं, म्हणून त्या तुटलेले कप परस्पर टाकून देत.

अशात एका शुक्रवारी सकाळी लेक आली ती हातात एक लाकडी पेटी घेऊन. दार लावून घेऊन म्हणाली, "बाबा, शपथ घ्या. कुणाला बोलणार नाही म्हणा."

काकांनी शपथ घेतली. काकूंनी घेतली नाही, पण त्या ऐकायला बसल्या.

गोष्ट तिच्या सासऱ्यांची होती. ते दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. बोलणं मोजकं आणि छंद एकच, मासेमारी. तीही साधी नव्हे. गळाला पीस आणि दोरा गुंडाळून ते हुबेहूब माशी बनवत आणि मासा त्या माशीला फसे. दर वर्षी ठरलेल्या रविवारी चार जुने मित्र तळ्यावर जमत आणि प्रत्येकाने माशा स्वतःच्याच आणायच्या असा दंडक होता. यंदाचा तो रविवार दोन दिवसांवर आला होता आणि डॉक्टरांनी येत नाही म्हणून कळवून टाकलं होतं.

"गुडघा दुखतो म्हणतात," लेक म्हणाली. "गुडघ्याला काही झालेलं नाही. हात थरथरतो. गळ बोटांतून निसटतो. परवा पेटी माळ्यावर टाकली आणि तिथंच शिडीवर उभं राहून डोळे पुसले. मी पाहिलं, पण त्यांना कळता कामा नये."

"मग मी बांधतो," काका म्हणाले.

"बाबा, ते फार नाजूक काम असतं."

"बांधायचं आणि चिकटवायचं. दुसरं काय असतं त्यात?"

"तेच," काकू म्हणाल्या. "दुसरं काय असतं ते कळलं की फार उशीर झालेला असतो."

बेत असा ठरला की सहा माशा बांधायच्या आणि शनिवारी डॉक्टरांना सहज दिल्यासारख्या द्यायच्या. दुकानात दिसल्या, आवडल्या, आणल्या; दंडकाचं पुढे बघता येईल. लेक 'छत्री न्यायला माहेरी आले होते' असं सांगायचं ठरवून घरी गेली आणि छत्री इथेच विसरली.

पेटीत एक छोटा शेगडा, म्हणजे लोखंडी पकड, होता. त्यात गळ धरायचा, दोऱ्याने पीस आवळायचं, शेवटी गळाच्या नेढ्याशी गाठ मारायची आणि ती सुटू नये म्हणून तिच्यावर गोंदाचा थेंब द्यायचा. डॉक्टरांची एक जुनी माशी नमुन्याला होती. काकांनी पहिली माशी अर्ध्या तासात बांधली आणि गाठीला आपली लाडकी खळ लावली. वाळल्यावर ती इतकी झोकात दिसत होती की त्यांनी काकूंना बोलावून घेतलं.

काकूंनी ती पाण्याच्या पेल्यात टाकली. दोन मिनिटांत दोरा एकीकडे, पीस दुसरीकडे आणि पेल्यातलं पाणी पांढरं.

"चाळीस वर्षांत माझं एकही पुस्तक सुटलं नाही," काका म्हणाले.

"एकही पुस्तक कुणी तळ्यात बुडवलं नव्हतं."

दुसऱ्या माशीला सरस लावला. तिला असा वास आला की मासा तळं सोडून गेला असता. तिसरीसाठी काकूंनी लेकीच्या कपाटातलं नेलपॉलिश आणलं. ते पाण्यात टिकलं, पण गुलाबी होतं, आणि माशी लग्नाला निघाल्यासारखी दिसू लागली. तेव्हा काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून क्षणात चिकटणारा तो पातळ गोंद आणला. अशा गोंदाला ते जन्मभर 'घाईवाल्यांचा गोंद' म्हणून नाक मुरडत आले होते. अपमान झालेला गोंद सूड घेतो, हे त्यांना नंतर कळलं.

थेंब गाठीवर पडला, तिथून पिसात शिरला, पिसातून बोटांवर उतरला. काका माशी सोडायला गेले तेव्हा माशी त्यांना सोडायला तयार नव्हती. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये चवथी माशी. तपकिरीची चिमूट घेतलेला माणूस ती ओढायची विसरला, असं ध्यान झालं.

नेमका तेव्हाच फोन वाजला. काकूंनी उचलला. डॉक्टर होते.

"सूनबाई छत्री आणायला आली होती, ती छत्री तिथेच राहिली का?"

"राहिली खरी."

"बरं. जरा व्याह्यांना द्या ना फोन."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी मोकळ्या हाताने नाही नाही अशी खूण केली. काकू आयुष्यात खोटं बोललेल्या नव्हत्या आणि आता नव्याने सुरुवात करायची त्यांची इच्छा नव्हती. "त्यांना फोन धरता येत नाहीये," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताचं जरा झालंय."

"म्हणजे? बोटं हलतात?"

"तीन हलतात. अंगठा आणि पहिलं बोट नाही हलत."

"कधीपासून?"

"वीस एक मिनिटं झाली."

"बसवून ठेवा. आलोच."

पंधरा मिनिटांत डॉक्टर दारात होते. दुखतो म्हणून सांगितलेला गुडघा घेऊन दोन जिने धावत चढले होते आणि हातात दवाखान्यातली जुनी बॅग होती. काकांनी हात टॉवेलखाली घेतला. पेटी काकूंनी खुर्चीखाली सरकवली, पण तिचा एक कोपरा बाहेर राहिला.

"हसून दाखवा," डॉक्टर म्हणाले. काका हसले. "दोन्ही बाजू सारख्या आहेत, तोंड वाकडं झालेलं नाही. आता आ करा."

"आ कशाला?"

"सवय," डॉक्टर म्हणाले, आणि आलेच आहोत तर म्हणून दाढाही बघून घेतल्या.

मग त्यांनी काकूंना पाणी आणायला पाठवलं, खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नका. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. माझाही हात स्थिर राहत नाही हल्ली. पहिले चार दिवस वाटतं, संपलं सगळं. नंतर..." ते थांबले. "नंतरचं अजून मलाही माहीत नाही. पण एकट्याने बसू नका. मी रोज येत जाईन."

हे मात्र काकांना सोसवेना. त्यांनी टॉवेल बाजूला केला.

डॉक्टरांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"ही माशी माझ्या नमुन्याची आहे."

"हो."

"गोंद कुठला वापरलात?"

काकांनी नाव सांगितलं. डॉक्टर पहिल्यांदाच दुखावलेले दिसले. "पिसाला? अहो, पीस तो शोषून घेतं. केरसुणी केलीत तिची. सूनबाईने सांगितलं ना तुम्हाला?"

"छे. कुणी काही सांगितलं नाही."

"खुर्चीखालची पेटी माझी आहे."

काकांनी टाचेने तिचा कोपरा आत ढकलला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. "म्हणजे तिला दिसलं थरथरताना."

"घरात सगळ्यांना दिसतं, डॉक्टर," काकू पाणी ठेवत म्हणाल्या. "सगळे गुडघ्याचीच चौकशी करतात, कारण तुम्हाला तेच आवडतं."

डॉक्टरांनी बॅग उघडली, कापूस काढला आणि नेलपॉलिश पुसायचं औषध मागितलं. ते बोटांच्या फटीत चोळू लागले.

"हात हलवू नका," ते म्हणाले.

"मी नाही हलवत."

दोघांनी खाली पाहिलं. हलत होता तो डॉक्टरांचा हात. मग आधी डॉक्टर हसले, म्हणून काका हसले. पण त्या हलण्यानेच औषध आतपर्यंत गेलं आणि पाच मिनिटांत अंगठा मोकळा झाला. स्थिर हाताला दुपार लागली असती.

दुपारी डॉक्टर खुर्चीत आणि काका शेगड्यासमोर अशी शाळा भरली. आधी पातळ व्हार्निश, ते गाठीत मुरतं. ते वाळलं की जाड, ते चकाकी देतं. थेंब सुईच्या टोकाने द्यायचा, बाटलीने नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काकांनी गोंदाबद्दल दुसऱ्याचं ऐकून घेतलं. फक्त डॉक्टर घरी गेल्यावर त्यांनी टिकाऊपणासाठी आपल्या मनाने व्हार्निशचे आणखी दोन हात दिले.

रविवारी दोघं तळ्यावर गेले. दंडक मोडला म्हणून मित्र कुरकुरले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "डोकं माझं, बोटं व्याह्यांची. माशी माझीच." सहा माशा डबीत आरशासारख्या चकाकत होत्या. डॉक्टरांनी एक उचलली, नेढ्यात दोरा ओवायला गेले आणि थांबले. नेढंच नव्हतं. काकांच्या जादा व्हार्निशने सहाही नेढी बुजून गेली होती.

काकांनी सुई खुपसून पाहिली, ती मोडली. डॉक्टरांनी दुसरी घेतली. चौघांसमोर त्यांचा हात थरथरू लागला. सुई नेढ्यावर टकटक टकटक करत राहिली आणि व्हार्निशचा कपचा अलगद निघून आला. पलीकडे पाहता येईल इतकं स्वच्छ भोक.

मित्रांपैकी सगळ्यात जाडा खाकरला. त्याने खिशातून आपली डबी काढली. "डॉक्टर, माझ्याही तीन बुजल्यात. कुणाला सांगू नका."

दोन तासांनी डॉक्टरांची गळाची काठी वाकली. काका उठून उभे राहिले. दोरा ताणला, पाणी उसळलं आणि एकदम सगळं सैल पडलं. डॉक्टरांनी दोरा गुंडाळून घेतला. टोकाला उघडा गळ होता. पीस गेलं होतं, अंगाचा दोरा गेला होता, मासा तर गेलाच होता. नेढ्यापाशी माशीचं डोकं तेवढं शिल्लक होतं, उन्हात चकाकणारं, चार हात व्हार्निशखाली अगदी सुरक्षित.

डॉक्टरांनी ते निरखून पाहिलं. "पुढच्या रविवारी एक थेंब बुडालाही द्या," ते म्हणाले. "डोकं मात्र छान चिकटलंय."

"चाळीस वर्षं..." काकांनी सुरुवात केली आणि सवयीने अंगठा वर केला. त्यावर अजून एक तपकिरी पीस चिकटलेलं होतं. त्यांनी हात खिशात घातला.