भालूकाकांचा रबरी किरकिरा

भालूकाकांनी एकदा माझ्या पायातली चप्पल कापली. पायात असताना. दांडी गावात आमच्या ओट्यावर मी निवांत चहा पीत बसलो होतो. काका आले, खाली वाकले, मला वाटलं बिचाऱ्यांचं काही पडलं असेल. तोवर त्यांनी भाजीच्या सुरीने माझ्या टाचेखालचा एक काप असा काही उडवला, की कलिंगडवाल्यांनी शिकवणी लावावी.

“हलू नको रे. असा तरंगणारा फोम आख्ख्या जिल्ह्यात नाय.”

“काका, कालच घेतलीय चप्पल!”

“मंग तर झाकच. ताजा हाय.”

तेव्हापासून मी डावीकडे किंचित कललेला आहे. गावातली पोक्त माणसं त्याला माझी ऐट समजतात.

त्या तुकड्याचा काकांनी किडा केला. उन्हाळा टोकाला गेला की आमच्याकडे आत डोंगरात झाडाझाडांवर एक किडा बोंब ठोकतो. अंगठ्याएवढा जीव, पण ओरडायला लागला की बोईसरच्या कारखान्यांचे भोंगे लाजून गप्प बसतात. पुस्तकात त्याला सिकाडा म्हणतात, आम्ही किरकिरा म्हणतो. हे किरकिरे ओरडून ओरडून दमतात, नदीत पडतात आणि मासे त्यांना वरच्या वर गिळतात. काकांचा किरकिरा म्हणजे पोटात गळ, अंग माझ्या चपलेचं, पंख दुधाच्या पिशवीचे आणि पाय चिकनवाल्याकडून मागून आणलेल्या पिसांचे. इतका हुबेहूब, की काकूंनी तो दोनदा झाडूने मारला होता.

हे सगळं मोबाईलमुळे. अमेरिकेत म्हणे काही किरकिरे सतरा वर्षं जमिनीखाली मुक्काम ठोकतात आणि मग एके दिवशी लाखोंनी वर येतात. तेव्हा तिकडचे ट्राउट नावाचे मासे खाऊन खाऊन वेडे होतात, आणि ते पकडायला गोरे लोक लांब लवचीक काठी घेऊन, नोकऱ्या सोडून नदीत उभे राहतात. हा व्हिडिओ पाहून काका रात्रभर झोपले नाहीत. सकाळी मला म्हणाले, “सतरा वर्षं वाट बघतात बिचारे! आपल्याकडं दरसाल येतात, फुकट. आपण किती मोठी माणसं, ते आपल्यालाच ठाऊक नाय.”

ट्राउट आमच्याकडे नाही. पण सूर्या नदीच्या डोहांत खडस आहे. सोनेरी खवल्यांचा, पैलवानाच्या मानेचा मासा. काकांनी तशीच काठी मागवली. पार्सल लांबलचक नळीतून आलं तेव्हा आळीतल्या बायकांनी काकूंचं अभिनंदन केलं. त्यांना वाटलं, काकांनी एकदाचे पडदे लावायचं मनावर घेतलं.

आता तुम्ही विचाराल, समोर आख्खा समुद्र पसरलेला असताना हा माणूस डोंगरात मासे धरायला का जातो? तर ऐका. भालूकाकांना बोट लागते. बाप मच्छीमार, आजा मच्छीमार, तिन्ही भाऊ तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, आणि हे गृहस्थ होडीत पाय ठेवला की आतडी बाहेर काढतात. खुंटीला बांधलेल्या होडीत. ओहोटीला, चिखलात रुतलेल्या होडीत. एकदा तर लग्नाच्या मांडवात कुणीतरी होडीचं गाणं म्हटलं तेव्हा काका तोंडावर रुमाल धरून उठून गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. शेवटी ते बोईसरला कारखान्यात फिटर म्हणून चिकटले.

गावाला गंमत होती. पण जयवंतीकाकूंना नव्हती.

आमच्याकडे पुरुषाने धरायचं आणि घरच्या बाईने विकायचं, ही रीत. पाटीत नवऱ्याने, दिराने, मुलाने धरलेलं असेल तर ते ‘घरचं म्हावरं’, म्हणजे घरची मासळी. पालघरच्या बाजारात गिऱ्हाईक पाटीपाशी आलं की पहिला प्रश्न हाच: घरचं हाय का? दिरांचं म्हावरं दिरांच्या बायका विकणार. काकू बंदरावर लिलावात उभ्या राहून परक्यांचं घेणार. बाजारात शेजारच्या बायका बिनदिक्कत दुसऱ्याचं घरचं म्हणून खपवत. काकू मात्र सरळ सांगत, “नाय गो बाय, घेतलेलं हाय.” गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे सरके. त्यांनी घरी येऊन कधी शब्द काढला नाही. पण काका एकदा काकूंना छत्री द्यायला बाजारात गेले होते, आणि हे त्यांनी कानांनी ऐकलं. छत्री तशीच घेऊन परत आले.

त्यानंतर काठी आली.

एक मासा. काकूंच्या पाटीत स्वतः धरलेला एकच मासा पडायला हवा, एवढंच त्या माणसाचं मागणं. दर उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी मला पहाटे उठवायचे, माझ्याच मोटरसायकलवर बसवायचे आणि बोईसर, हायवे ओलांडून सूर्येच्या डोहावर न्यायचे. आणि काय सांगू तुम्हाला, काय ती फेक! दोरी डोक्यावर मागेपुढे अशी डौलात फिरायची की बगळे थांबून बघत. शेवटी तो किरकिरा पाण्यावर अलगद, देवाला फूल वाहावं तसा टेकायचा.

“पाण्याला कळता नये,” काका कुजबुजत.

पाण्याला कळत नसे. माशालाही कळत नसे. दोन उन्हाळे गेले, पाण्याला काहीच कळलं नाही. डोहाच्या वरच्या अंगाला लहानू नावाच्या वारली शेतकऱ्याची जमीन होती. तो बांधावर बसून हा सोहळा बघायचा. एकदा त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “हा बाबा नदीची पूजा करतो का?”

घरी भाऊ विचारायचे, “काय भाल्या, आज काय धरलंस? सर्दी?” काका हसायचे, पण ओट्यावर बसत नसत, थेट घरात जात.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्या वर्षीचे किरकिरे संपत आले होते. झाडं एकेक करून गप्प व्हायला लागली होती. काका गुडघाभर पाण्यात उभे. एवढी देखणी फेक मी त्याआधी पाहिली नव्हती. दोरी मागे गेली, पुढे आली, आता टेकणार, तेवढ्यात वरच्या फांदीवरच्या एका खऱ्या किरकिऱ्याने नेम धरून काकांच्या उघड्या तोंडात लघवी केली. हसू नका, हा किडा हे करतो, झाडाखाली उभं राहून बघा.

काका “आई गं!” म्हणून असे उडाले की फेक मोडली, दोरीचा गुंता झाला, आणि तो रबरी किरकिरा पाण्यावर भद्दकन आपटला. दारुड्या गटारात पडतो तसा.

आणि डोह फुटला!

ते पाणी उसळलं म्हणजे किती? बांधावरचा लहानू भिजला. काकांची काठी वाकून वाकून तिचं टोक त्यांच्याच गुडघ्याला लागलं. आणि मला त्या क्षणी लख्ख कळलं: अहो, खरा किरकिरा कुठे अलगद टेकतो? तो आपटतोच! आम्ही दोन वर्षं माशांपुढे अदबीने वागत होतो, आणि मासे बिचारे वाट बघत होते कोणीतरी नीट पडायची.

“सोडू नका काका!”

“गप रे!” काका ओरडले आणि पाण्यात ओढले गेले. गुडघ्यावरून कमरेपर्यंत, कमरेवरून छातीपर्यंत. पाणी हलायला लागलं, काका हलायला लागले, आणि मी ओळखलं. बोट लागली! होडी नाही, काही नाही, नुसत्या नदीत! चेहरा हिरवा झाला. काठी दोन्ही हातांत घट्ट धरून त्यांनी उजवीकडे मान वळवली, सकाळचा चहा-खारी सूर्येला अर्पण केली, तोंड पुसलं नाही, आणि दोरी गुंडाळत राहिले. पुन्हा मान वळवली. पुन्हा गुंडाळली. भावांपैकी एकानेही आयुष्यात असा मासा धरला नसेल.

मी कपड्यांसकट उडी मारली, लहानूने मागून उडी मारली, आणि आम्ही दोघांनी त्याच्या पंच्यात तो खडस मिठी मारून बाहेर काढला. लांबी? माझ्या मोटरसायकलवर त्याला मधे बसवावं लागलं, आणि मी टाकीवर सरकलो. एवढंच सांगतो.

गावात आलो तेव्हा तिन्ही भाऊ बंदरावर जाळी विणत होते. थोरला उठला, माशाच्या डोक्यावर हात ठेवला, मग भालूकाकांच्या. एवढंच. काकांनी मासा काकूंच्या पाटीत ठेवला आणि म्हणाले, “घे.”

दुसऱ्या दिवशी पालघरच्या बाजारात जयवंतीकाकूंनी तो खडस बर्फावर मधोमध मांडला. गिऱ्हाइकांची रीघ लागली.

“घरचं हाय का गो?”

“घरचं!” काकू असं ओरडल्या की स्टेशनवरची माणसं वळली असतील. “घरचं म्हावरं! माझ्या नवऱ्यानं धरलंय!”

“कितीला?”

“नाय विकायचा.”

“मग मांडलास कशाला?”

“लोकांनी बघाया नको?”

दुपार होत आली तरी हेच चाललं होतं. शेजारच्या बायकांनी आपापल्या पाट्या मुकाट थोड्या मागे घेतल्या होत्या. मी हे सगळं बघत होतो, कारण मला भालूकाकांनी आणलं होतं. ते स्वतः समोर, लिंबांच्या गाडीच्या पलीकडे भर उन्हात टोपी भुवयांवर ओढून उभे होते. मासा वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात बसू नये म्हणून दर थोड्या वेळाने बर्फ विकत घेत आणि माझ्या हाती देत. “जा, नेऊन घाल. मी हाय ते सांगू नको.”

कितव्यांदा तरी मी बर्फाची पिशवी घेऊन गेलो. काकूंनी बर्फ माशाच्या अंगावर पसरला, हात पदराला पुसले, आणि वर न बघता म्हणाल्या,

“त्यांना म्हणावं, सावलीत तरी उभं राहा.”