कौसाक्का बघायला येते

आमच्या गल्लीत कुणी आजारी पडलं, की सलाईनची बाटली लटकायच्या आत कौसाक्का खाटेजवळ हजर असते. पेशंटची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवते, नीट न्याहाळते आणि निकाल देते, "हे मरायचं तोंड न्हाई." एवढं झालं की घरचे लोक निवांत चहा ठेवतात. डॉक्टरांचे रिपोर्ट संध्याकाळी येतात.

आमच्या उदगीरला आजाऱ्याला बघायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच सक्तीचं. बाकीचे बिस्किटाचा पुडा ठेवून दहा मिनिटांत उठतात. अक्का तो पुडा फोडते, पेशंटला खायला लावते, स्वतःही खाते आणि दुपारपर्यंत बसते. अंगणवाडीत मदतनीस होती, आता रिटायर झालीय, घरी एकटीच असते. एकदा गल्लीतल्या वाण्याला बघायला लातूरच्या दवाखान्यात गेली आणि भलत्याच खाटेवर जाऊन बसली. तासभर निलंग्याच्या कुणा अनोळखी म्हाताऱ्याला मोसंबी सोलून चारत होती. पलीकडच्या खाटेवरून वाणी हाका मारतोय, तर त्यालाच म्हणाली, "दम धरा की. तुमच्याकडं सगळी गल्ली येऊन राहिली, ह्याच्याकडं कोण हाय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने लातूरला गेली, ती फक्त त्या म्हाताऱ्यासाठी. वाण्याने ते अजून मनात धरलंय.

मीही या गोष्टी रंगवून सांगायचो आणि हसायचो. मग मला टीबी निघाला.

मी शाळेत मास्तर, वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहतो. बायको तेव्हा बाळंतपणाला माहेरी, अहमदपूरला होती. मुलगी झाली, ती मी फोनवर पाहिली. डॉक्टरांनी बजावलं होतं, थुंकीची तपासणी साफ येईपर्यंत बाळाजवळ जायचं नाही आणि सहा महिने एकही गोळी चुकवायची नाही. गल्लीला हे कळलं आणि सगळ्यांना एकदम खूप कामं निघाली. बिस्किटाचे पुडे जिन्यातच थांबू लागले.

कौसाक्का मात्र आत आली. नाकाला पदर लावून तिने आधी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. "कोंडून घेतलं की ते माजतंय. वारं येऊ द्या," म्हणाली. मग माझी हनुवटी धरली. निकाल माझ्या बाजूने लागला.

त्या गोळ्यांनी लघवी लालसर होते. ही माहिती सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणून देणाऱ्या आशाताईंनी अक्काला पुरवली आणि माझी अब्रू गेली. रोज सकाळी, नेमकी माझ्याच वर्गातली पोरं रस्त्याने जात असताना, ती खालून विचारायची, "सर, लाल झाली का?" मी खिडकीतून मान डोलवायचो.

दुसऱ्या महिन्यात मळमळीने जीव नको झाला. तीन दिवस गोळ्या गादीखाली सरकवल्या आणि मान तेवढी डोलवत राहिलो. चौथ्या दिवशी ती वर आली. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रिकामी बाटली हातात दिली. "जाऊन या. मी हितंच हाय." बाटली घेऊन बाहेर आलो, तेव्हा आतला रंग साधा पिवळा होता.

ती रागावली नाही. खालीच बसली.

"पोरीला बाप दाखवायचाय का बापाचा फोटो?"

मी बाटली कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"मला हेच झालतं, एकोणीस वर्षांची होते. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, माहेरच्यांनी गोठ्याशेजारच्या खोलीत टाकलं. दीड वर्ष सुया घेतल्या, बरी झाले. पर त्या दीड वर्षात एक माणूस उंबऱ्याच्या आत आलं न्हाई. सासरचं तर परत कुणी आलंच न्हाई. खोकल्याचं काय न्हाई वाटलं, त्येचं लई वाटलं."

मी गादी उचलून गोळ्या काढल्या. त्यानंतर एकही चुकवली नाही.

थुंकी साफ आली, त्या दिवशीच अहमदपूरची गाडी पकडली. लेक हातात घेतली आणि सासुरवाडीत सगळ्यांसमोर रडलो. सहा महिने पुरे झाल्यावर बायको मुलीला घेऊन उदगीरला आली. अक्का यायची बंद झाली. बऱ्या माणसाकडे ती जात नाही, तिला कुणी बोलावतही नाही.

माझ्या आजारामुळे लांबलेलं बारसं आम्ही केलं. कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवताना सासूबाई म्हणाल्या, "सारखी दवाखान्यात फिरणारी बाई ती, तान्ह्या लेकराजवळ कशाला?" आणि अक्काला बोलावणं गेलंच नाही. तिच्यामुळे धडधाकट उभा असलेला मी, खाली मान घालून बसलो. बारशाच्या रात्री झोप लागली नाही, इतकी स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलीला उचललं आणि अक्काचं दार गाठलं. ती तूर निवडत होती. आम्हाला बघून ताडकन उठली.

"काय झालं लेकराला?"

उत्तराची वाट न बघता हात धुऊन आली. मुलीचं कपाळ पाहिलं, पोट चाचपलं, जीभ पाहिली. काहीच सापडेना.

"ताप न्हाई, जुलाब न्हाई. मग आणलं कामून?"

"तुम्हाला भेटायला आलोय, अक्का."

"मला कुठं काय झालंय?"

"काही नाही झालं. सहजच आलोय."

मी मुलगी तिच्या हातात दिली. ती तिला धरून दारातच उभी राहिली, कितीतरी वेळ. आत या, बसा, असं म्हणायचंही तिला सुचलं नाही.