पाचवा पेशंट

"एकच पेशंट कमी हाय ना? एक कशाला, तीन आणते!"

कृपाबाईंनी भाचीच्या पत्राची घडी करून कमरेला खोचली आणि अशा थाटात जाहीर केलं, की पेशंट म्हणजे जणू शेजारच्या घरातून वाटीभर मागून आणायचं विरजणच! दौंडला स्टेशनमागच्या एका छोट्या दवाखान्यात त्या चादरी-कपड्यांच्या खोलीवर कामाला होत्या.

भाचीचं नाव लिडिया. आई गेल्यावर तिला शिरूरला कृपाबाईंनीच वाढवलं, आणि पुढं मुंबईला ऑक्युपेशनल थेरपी शिकायला धाडलं. हात-पाय अडलेल्या माणसाकडून कामं करवून घेत त्याला परत बटणं लावायला, भाकरी थापायला शिकवायचं, असं ते शास्त्र. तीन वर्षांत मावशी-भाची सलग चार दिवस एका छपराखाली राहिल्या नव्हत्या. आता शेवटच्या वर्षी मुलींना दोन महिने बाहेरच्या दवाखान्यांत पोस्टिंग मिळणार होतं. दोन महिने! कृपाबाईंनी तर पापडाचं पीठसुद्धा मळून ठेवलं.

लिडियानं लिहिलं होतं, "प्रत्येकीनं आवडीच्या तीन जागा लिहून द्यायच्या. प्रधान मॅडम कॉलेजच्या यादीतला एकेक दवाखाना स्वतः बघतात आणि मग कोण कुठं ते ठरवतात. तिथं शिकवणारा थेरपिस्ट हवा आणि निदान पाच पेशंट हवेत. तुमच्याकडं चारच आहेत. तेव्हा मावशी, तू उगाच त्रास घेऊ नकोस."

उगाच त्रास न घेणं कृपाबाईंना जन्मात कधी जमलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी तीन तब्येतवान माणसं गाठली आणि प्रत्येकाला एकेक दुखणं वाटून दिलं. सायकल दुकानवाल्या गेणबाची बोटं आखडली. भाजीवाल्या सोजराबाईंचा उजवा हात गळाला. रेल्वेत रुळांचे सांधे बदलायचं काम करून रिटायर झालेल्या साहेबरावांचा गुडघा गेला.

"कंचा गुडघा?" साहेबरावांनी विचारलं.

"तुमच्या मनाला यील तो! पर एकदा धरला की सोडायचा न्हाई."

"आन् म्या भाजी कशी इकू?" सोजराबाई म्हणाल्या.

"एक दिस डाव्या हातानं इक! माझ्या लेकरापायी एवढं करायची न्हाईस व्हय?"

थेरपिस्ट बन्यामीन पंचविशीचा, साधा मुलगा. त्याच्या खोलीत एकदम तीन नवे पेशंट लंगडत-कण्हत आले, तेव्हा बिचाऱ्यानं डोळे मिटून देवाचे आभार मानले!

चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपाच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. ठरल्या दिवशी प्रधान मॅडम सकाळच्या पॅसेंजरनं उतरल्या. चष्मा जाड, बोलणं मोजकं. चार जुने पेशंट त्यांनी पाहिले, मान डोलावली. मग नव्यांकडं वळल्या. कृपाबाई दाराआड उभ्या राहून तिघांना डोळ्यांनी दटावत होत्या.

खांदा फिरवायचं मोठं लाकडी चाक भिंतीला लावलेलं होतं. एक पेशंट ते फिरवू लागला. चाक किरर्र करून किंचाळलं. गेणबाच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा किरर्र! कुरकुरतं चाक बघून गप्प बसायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. तिसऱ्या किंचाळीला तो ताडकन उठला, खिशातून पाना काढला आणि आखडलेल्या बोटांनी नट असा काही पिळला, की चाक लोण्यासारखं फिरू लागलं!

"वायसर गेलंय बगा," तो मॅडमना अभिमानानं म्हणाला. मग त्यानं दाराकडं बघितलं आणि बोटं परत आखडून घेतली.

मॅडमनी चाक एकदा स्वतः फिरवून बघितलं. त्यांनी वाळूची पिशवी सोजराबाईंच्या गळालेल्या हातात ठेवली. "अर्धा किलो आहे. पेलवतंय का?"

सोजराबाईंनी पिशवी उजव्या हातानं खालीवर झुलवली. "अर्धा किलो? कुनी फसिवलं तुमास्नी? पन्नास गिरॅम तरी कमी हाय!"

तेवढ्यात स्टेशनावर शिट्टी झाली. साहेबराव दोन टांगांत खिडकीशी! "मेल हाय! पाच मिंटं लेट!" आणि कृपाबाईंचे वटारलेले डोळे दिसताच ते लंगडत माघारी आले. आता दुसऱ्याच पायानं!

"बन्यामीन," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ही तिघं बरी झाली. डिस्चार्ज द्या."

बन्यामीनचा चेहरा पोतेऱ्यासारखा झाला. कृपाबाई पुढं आल्या. "त्याचा दोष न्हाई, मॅडम. समदं माझं हाय."

"असू दे. हाताला वाळू लागलीय, तो टॉवेल द्या बरं."

टॉवेल उंच खुंटीवर होता. कृपाबाईंनी नेहमीसारखं स्टूल ओढलं, वर चढल्या आणि डाव्या हातानं टॉवेल काढला.

"स्टूल कशाला? हात पोचला असता की."

"उजवा जरा सुट्टीवर हाय."

मॅडमनी त्यांचा उजवा हात हळूच उचलला. खांद्यापर्यंतही गेला नाही, तोच कृपाबाईंनी ओठ दाबला. दोन वर्षं त्या डाव्या हातानं विंचरत होत्या, चादरी दोरीवर भिरकावत होत्या. लिडियाला काळजी नको, म्हणून एका अक्षरानं कळवलं नव्हतं.

"बन्यामीन, लिहा. पाच!" मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "एक विद्यार्थिनी पाठवते."

"देव भलं करो! मग माझी भाचीच धाडा. लिडिया!"

मॅडमनी हातातल्या मुलींच्या यादीवर नजर टाकली आणि पेनाचं टोपण लावलं. "नात्यातल्या माणसावर विद्यार्थिनीनं उपचार करायचे नसतात, बाई."

"मग माझा हात बरा हाय! ह्यो बगा!" कृपाबाईंनी हात वर फेकला. तो कानाच्या अलीकडंच थांबला आणि 'आई गं' मात्र स्टेशनापर्यंत गेली.

"आणि तुम्ही पेशंट नसाल, तर राहिले चारच. कोणीच येणार नाही."

लिडिया गेली नागपूरला. दौंडला आली ललिता नावाची अबोल मुलगी. कृपाबाईंनी पहिल्या दिवशी तिच्याशी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी डबा आणला. आठवड्यात तिच्या आवडीची भाजी पाठ झाली. त्या मुलीनं त्यांच्याकडून रोज चाक फिरवून घेतलं, दोरीवर चादरी वाळत घालून घेतल्या आणि उजव्या हातात फणी धरायला लावली. तिला निरोप देताना कृपाबाई इतक्या रडल्या, की गाडी सुटली तरी डबा हातातच राहिला!

नाताळात लिडिया आली. मावशीनं पापड तळले आणि तीच रड पुन्हा काढली. "त्या नियमाचं वाटोळं होवो! न्हाईतर तू हितंच असतीस."

लिडियानं पापडाचा तुकडा मोडला. "मावशी, रागावणार नसशील तर एक सांगू? त्या तीन जागांत मी दौंड लिहिलंच नव्हतं."

"का गं?"

"तू मला पेशंटला हात लावू दिला असतास का? दोन महिने ताटावरून उठूच दिलं नसतंस!"

"थांब, सटवे!" म्हणत कृपाबाईंनी धपाटा घालायला उजवा हात उगारला.

हात थेट डोक्याच्या वर गेला, आणि दोघी त्याच्याकडंच बघत राहिल्या. धपाटा तेवढा राहून गेला.