टिटवीने परात तापवली

एका जंगलात एक तांब्याची परात होती. हसू नका, बाळांनो. तिला प्रयोगशाळा म्हणत. संचालक होते नकुलराव, जातीचे मुंगूस.

त्या परातीवर अणू येऊन बसत. बसलेला अणू आपला थोडा विद्युतभार परातीकडे सरकवी. त्यातून वर एवढंसं विद्युतक्षेत्र तयार होई. एकाचं चिमूटभर, पण सगळ्यांचं मिळून बऱ्यापैकी.

ते किती, हे गणिताने काढायचं काम टिटवीकडे होतं. गणित मोजमापाशी जुळलं तर पदवी. तिच्या मैत्रिणींची पिल्लं उडायला लागली, तरी ही आकडेमोडच करत होती. मला तिची फार कीव येते.

मोजमाप नेहमी गणितापेक्षा मोठं येई.

"पुन्हा मोजा," नकुलराव म्हणत.

मोजायचं म्हणजे अणूंची वाफ परातीजवळ सोडायची आणि ती किती डळमळते ते बघायचं. टिटवी वाफ सोडी. आकडा आणखी फुगे.

शेवटी तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"सर, दर वेळी वाफेतले थोडे अणू परातीलाच चिकटतात. आपण मोजतो, म्हणून क्षेत्र वाढतंय!"

"मग गणितात एक गुणक घाला."

"तो रोज बदलावा लागेल, सर."

"बदला की! बसल्या बसल्या दुसरं काय करता?"

पाय वर करून आभाळ तोलणारी जात ती. तिला कुठलं राहवतंय? नकुलराव जेवून आडवे झाल्यावर तिने परातीखाली चूल पेटवली. परात तापली, अणू भुर्रकन उडाले. मग नवे अणू चिकटू नयेत म्हणून गरम परातीवरच तिने मोजलं. मोजमाप शून्य. अणूच नाहीत, म्हणून गणितही शून्य. टिटवी आनंदाने ओरडली.

नकुलराव डोळे चोळत आले.

"जुळलं, सर!"

नकुलरावांनी परातीला हात लावला आणि बोट तोंडात घातलं.

"अहो बाई, क्षेत्रच घालवलंत! आता पदवी कशावर देऊ?"

"पण सर, अडचण सुटली ना?"

"तेच तर! अडचण सुटली, आता प्रयोगशाळा कशावर चालवू?"

टिटवी पदवीविना घरी गेली. परात निवल्यावर नकुलरावांनी दुसरी टिटवी नेमली आणि तिला आधी वाफ सोडायला सांगितलं.

तात्पर्य: बाळांनो, स्वच्छता ही फार चांगली सवय आहे. ती पदवी हातात पडल्यावर लावून घ्यावी.