इतर परिस्थिती कायम

केळी घ्या असं मी म्हणाले, तिथेच माझं चुकलं.

त्या रविवारी चार वाजता बालवाडीच्या मोठ्या बाईंनी मला भेटायला बोलावलं होतं. मदतनिसाची जागा होती. मुलांचे हात धुवायचे, नाकं पुसायची, रडलं तर कडेवर घ्यायचं. सातवी पास चालेल म्हणाल्या होत्या. (सातवी कुठे चालते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.) चिमी झाल्यापासून मी तिच्याशिवाय जिनासुद्धा उतरले नव्हते. रात्रंदिवस जीव टांगणीला. शिंकली तरी मी धावत पाळण्यापाशी. पण ह्यांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं होतं, "तू जा गं. पोरीला मी बघतो."

आता आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, विद्यापीठात अर्थशास्त्र शिकतात. आमच्या दोन खोल्यांपैकी एक अर्थशास्त्राला दिलेली आहे. उरलेल्या एकीत आम्ही तिघं, स्वयंपाक आणि वाळत घातलेली दुपटी. सरांनी त्यांना सांगितलं होतं, पुस्तकातला एखादा नियम घरच्या माणसांवर करून बघा आणि सोमवारी वर्गात सांगा.

"वहिनी, ती केळी घेऊ का प्रयोगाला? दादाला खायला घालायची आहेत."

केळी चिमीची होती. पण मी म्हटलं, खाण्याच्या निमित्ताने हे एका जागी बसतील आणि मी निघताना सापडतील. (केवढी माझी अक्कल!) "घ्या की," मी म्हणाले.

नियमाचं नाव घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम. अर्थ एवढाच, की पहिलं केळं गोड लागतं, दुसरं जरा कमी, आणि पुढेपुढे नको होतं. संसारात हेच शिकवतात, फी न घेता.

"दादा, प्रत्येक केळ्यानंतर समाधानाला दहापैकी मार्क द्यायचे. मध्ये थांबायचं नाही. आणि वहिनी, इतर परिस्थिती कायम राहिली पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही हलायचं नाही. बोलायचं नाही, दार उघडायचं नाही. नाहीतर समाधान कशामुळे बदललं ते कसं कळणार?"

चिमी पाळण्यात झोपली होती. मी दोरी धरून परिस्थितीसारखी बसले.

पहिलं केळं संपलं. "दहा!" हे म्हणाले. दुसरं संपलं. "दहा!" तिसऱ्यालाही दहाच.

"दादा, नीट विचार करून सांग."

"नीटच सांगतोय. दहा!"

केळी संपली, समाधान उतरेना. भाऊजी धावत जाऊन खालच्या फळवाल्याकडून आणखी एक फणी घेऊन आले. (दार त्यांनी उघडलं तर परिस्थिती कायमच राहते.) ह्यांच्या डोळ्यांत पाणी तरळायला लागलं. एका हाताने पोट धरून दुसऱ्या हाताने सोलत होते. "दहा," आवाज विहिरीतून आल्यासारखा.

चार वाजून गेले होते. "भाऊजी, मला जायचंय हो."

"एकच मिनिट, वहिनी! आता उतरणारच."

मी ह्यांच्या कानाशी वाकले. "अहो, कमी सांगा की!"

हे माझ्यावरच खेकसले, भरल्या तोंडाने. "सख्ख्या भावाला नापास करू?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते मार्क भाऊजींना मिळणार, असं हे समजून चालले होते! प्राण गेला तरी भावाला पहिला आणणार होते.

"अहो, मार्क केळ्याला आहेत!"

ह्यांनी हातातल्या केळ्याकडे पाहिलं, "शून्य" म्हणाले आणि न्हाणीघराकडे धावले. तिथून जे आवाज आले त्यांनी चिमी किंचाळत उठली.

"वहिनी, तिला घ्या ना," भाऊजी मान वर न करता म्हणाले. "आलेख काढतोय."

घेतलं आणि तशीच निघाले. मोठ्या बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग कडेवरच्या चिमीकडे, मग माझ्या खांद्यावरच्या केळ्याच्या डागाकडे.

"तुम्ही इथे आल्यावर हिला कोण बघणार?"

"हिचे बाबा आहेत ना घरी."

"मग आज काय झालं?"

"त्यांनी केळी खाल्ली," मी म्हणाले. खरं तेच होतं. पण खरं असं मोठ्याने बोलून दाखवायचं नसतं. जागा भरली होती. दुसरी एक बाई वेळेवर आली होती, एकटी.

घरी आले तेव्हा भाऊजींचा आलेख घसरगुंडीसारखा छान खाली उतरत होता.

"पण ह्यांनी तर दहाच दिले होते!"

"ते दादाचं चुकलं, नियमाचं नाही."

"आणि माझी नोकरी गेली ती?"

"ती कुठे येते ह्यात?" भाऊजी अगदी मायेने म्हणाले. "तुम्ही म्हणजे इतर परिस्थिती, वहिनी."

मी सालं उचलली, चिमीला निजवलं आणि ह्यांच्या पोटासाठी मऊ भात केला. हे भिंतीला टेकून बसले होते. पहिला घास घेतला तेव्हा मला राहवलं नाही. दिवसभरात माझं समाधान कुणी विचारलं नव्हतं, तर निदान आपण तरी विचारावं.

"दहापैकी किती?"

ह्यांनी डोळे मिटून प्रामाणिकपणे विचार केला.

"चार," म्हणाले. "मीठ कमी आहे."