डबा रिकामा द्यायचा नसतो

सून सरिता चार महिन्यांची गरोदर होती आणि सासरे श्रीहरी यांचं कोप्पीकर रोडवर प्लास्टिकच्या डबे-बादल्यांचं दुकान होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं श्रीहरींना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरम, तुपकट अन्न प्लास्टिकमध्ये ठेवू नका. त्यातली काही रसायनं अन्नात उतरतात आणि हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. आत्ता तर जास्तच जपा." झालं! संध्याकाळपर्यंत श्रीहरींच्या बायकोनं, इंदुमतीबाईंनी, प्लास्टिकचे सत्तावीस डबे घराबाहेर काढले.

"अगं, डाळी-तांदळाला तरी ठेव की!" श्रीहरी कळवळले.

"नको. सवयीनं हात तिकडंच जातोय."

डबे खालच्या मजल्यावरच्या शांताक्कांकडे गेले. त्यांच्या घरात सगळ्यात लहान माणूस पंचावन्न वर्षांचं, म्हणजे तशी काळजी नव्हती.

पण घरात काहीही केलं की चार घरी पोचवायचं, ही इंदुमतीबाईंची जुनी खोड. पूर्वी ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून जायचं आणि डबा परत येत नसे, कुणी मागतही नसे. आता आंबोळ्या, गुळपोळ्या, सगळं नाव कोरलेल्या स्टीलमधून जाऊ लागलं. आणि स्टीलचा डबा रिकामा परत करायचा नसतो ना! जो तो काहीतरी गोडधोड करायचा मुहूर्त शोधत बसला. आठवडाभरात घरात एकही डबा उरला नाही. गुरुवारी श्रीहरींचं जेवण दुकानात आलं ते कुकरमधून, शिट्टीसकट.

"काय अण्णा, डबे विकताय आणि स्वतः कुकरमध्ये जेवताय?" गिऱ्हाईक हसलं. श्रीहरींचं डोकंच फिरलं. त्यांनी शटर ओढलं आणि घराकडच्या गल्लीत दारोदार डबे मागायला सुरुवात केली.

"अय्यो अण्णा, रिकामा कसा देऊ? उद्या चकल्या करते की," पद्माक्का म्हणाल्या.

"बायको माहेरी गेलीय. ती येऊन काहीतरी करू दे," हणमंतराव म्हणाले.

शांताक्का मात्र जिन्यातच भेटल्या. "बरं झालं आलात! सरिताला पुरणाच्या कडबूंचे डोहाळे लागलेत म्हणे. आत्ताच तळलेत, वर साजूक तूप!" त्यांच्या हातात डबा होता तो निळ्या झाकणाचा, सत्तावीसातलाच एक. आतून वाफेनं पांढरा झालेला.

"अक्का, आमचा स्टीलचा कुठाय?"

"कपाटात जपून ठेवलाय. नाव घातलेला डबा, चरा पडला म्हणजे?"

"अहो, पण गरम गरम प्लास्टिकमध्ये..."

"आता बघा! वीस वर्षं तुम्हीच सांगताय की, उकळतं घाला, काही होत नाही!"

श्रीहरींनी मान वर केली. वरच्या पायरीवरून सरिता हात पुढे करून अधाशासारखी डब्याकडे बघत होती. त्यांनी शांताक्कांच्या हातातला डबा चटकन काढून घेतला.

"चुकीचं सांगत होतो, अक्का," ते कसंबसं बोलले. "यात गरम घालायचं नसतं."

सरिता तिथंच रडायला लागली. शांताक्कांनी पदर खोचला, नवे कडबू तळले आणि तेवढ्या वेळात ही बातमी गल्लीभर केली.

दुसऱ्या दिवशी श्रीहरी दुकानावर पोचले तर शटरसमोर अकरा बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात त्यांच्याच दुकानातला प्लास्टिकचा डबा, परत द्यायला आणलेला.

"बरं, ठेवा इथं," श्रीहरी कपाळावर हात मारत म्हणाले आणि पहिला डबा उचलला. हाताला चटका बसला.

"जपून हं," पद्माक्का म्हणाल्या. "उप्पीट आहे. रिकामा कसा द्यायचा, अण्णा?"